वाचनालयाचे जुने संगणक विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर नेताना : कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५ : यंत्रांची तपासणी

उदगीर येथील आमच्या सार्वजनिक वाचनालयात पाच संगणक आहेत. एक कार्यालयात, एक देवघेव विभागात आणि तीन स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिकेत. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार असल्याने कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे सोपवले. कार्यालयातील यंत्र अलीकडचे आहे, ते विंडोज ११ वर जाऊ शकते. उरलेल्या चारही यंत्रांत इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ साठी आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे तो मार्ग या चार यंत्रांपुरता बंद आहे. आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव सुरक्षा घेण्याची सोय वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी आहे, पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. नव्या यंत्राचे दरपत्रक प्रत्येकी ३२,००० रुपयांच्या आसपास आले आणि तेवढे अनुदान शिल्लक नाही.

निवड लिनक्स मिंट २२.१ या मोफत कार्यप्रणालीची, त्यातही एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीची केली. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्ययावतीकरण मिळणार आहे. पडद्याची मांडणी विंडोजच्या जवळची असल्याने कर्मचाऱ्यांना खाली डाव्या कोपऱ्यात मेनू शोधण्याची सवय मोडावी लागणार नाही, हे कारणही मनात होते.

९ ऑगस्ट : आधी प्रत, मग बाकी सगळे

एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणून पाचही यंत्रांतील माहिती तीवर उतरवली. अभ्यासिकेतील एका यंत्राची डिस्क प्रत घेतानाच अडखळू लागली. तपासणीत तिचे खराब सेक्टर वाढत असल्याचे दिसले. हे काम हाती घेतले नसते तर ती डिस्क परीक्षेच्या हंगामात केव्हातरी बसली असती. चारही यंत्रांना २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आणि आणखी ४ जीबी रॅम देण्याचे त्याच दिवशी ठरले. या वयाच्या यंत्रात लिनक्स घालण्यापेक्षा एसएसडी घातल्याने अधिक फरक पडतो, आणि ते श्रेय उगाच लिनक्सला देऊ नये.

१३ ऑगस्ट : विंडोजवरच प्रोग्राम बदलले

कार्यप्रणाली आणि प्रोग्राम एकाच दिवशी बदलले की कर्मचाऱ्यांना काय बिघडले हेच कळत नाही. म्हणून विंडोज तशीच ठेवून तीवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स बसवले आणि रोजचे काम त्यांतच करण्यास सांगितले. हे दोन्ही प्रोग्राम मिंटमध्ये आधीपासूनच असतात, त्यामुळे पुढे यंत्र बदलले तरी हाताखालची खिडकी तीच राहते. ग्रंथपाल मॅडमची पहिली तक्रार मराठी अक्षर बारीक दिसण्याची होती. लिब्रेऑफिसमध्ये रोमन मजकुराचा फाँट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरवावा लागतो. देवनागरीचा फाँट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या कप्प्यात असतो आणि तो कप्पा पर्यायांच्या यादीत भाषेच्या सेटिंगमधून चालू करावा लागतो. तेथे भाषा मराठी ठेवली आणि टिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट बसवला. त्यातील ल आणि श आपल्या वळणाचे असल्याने ‘हा ल हिंदीसारखा दिसतो’ ही दुसरी तक्रारही मिटली.

१८ ऑगस्ट : दाखल नोंदवहीचा खरा प्रश्न

या कामात सर्वाधिक वेळ कार्यप्रणालीने घेतला नाही, तो दाखल नोंदवहीने घेतला. बारा हजारांवर पुस्तकांची ही नोंदवही एका तक्त्यात आहे आणि तिचा मोठा भाग युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, फाँटमध्ये टंकलेला आहे. डीटीपीच्या दुकानांत रुळलेल्या त्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘कादंबरी’ दिसते, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांची विस्कटलेली रांग असते. फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की तीच रांग समोर येते, शोध लागत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. हा फाँट लिनक्सवर बसवून वेळ मारून नेता येते, आणि तसा सल्लाही मिळाला. तो मानला नाही, कारण असे केल्यास हाच प्रश्न पुढच्या ग्रंथपालाच्या गळ्यात पडतो.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी मोफत पाने इंटरनेटवर मिळतात. सभासदांची नावे आणि फोन क्रमांक परक्या पानावर चिकटवणे योग्य नसल्याने असे एक पान यंत्रावर जतन करून घेतले आणि इंटरनेट बंद ठेवून चालवले. ते तसेही चालते, कारण सगळे रूपांतर ब्राउझरमध्येच होते.

२२ ते २६ ऑगस्ट : वेलांटी आणि रफार

रूपांतर झालेला तक्ता लांबून छान दिसत होता. जवळून पाहिले तेव्हा ‘स्थिती’ या शब्दाच्या जागी ‘सि्थती’ आणि ‘वर्ष’च्या जागी ‘वषर्’ असे शब्द शेकड्याने निघाले. कारण सरळ आहे. जुन्या फाँटमध्ये जसे दिसते तसे टंकत, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात, म्हणजे वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. रूपांतर करणारा प्रोग्राम साध्या अक्षरावर हे बरोबर उलटवतो, जोडाक्षर आले की चुकतो.

वेलांटीचा दोष पकडणे सोपे निघाले. शुद्ध मराठीत ऱ्हस्व वेलांटीच्या लगेच मागोमाग हलन्त कधीच येत नाही, म्हणून ही जोडी जेथे सापडेल तेथे चूक आहे हे निश्चित. लिब्रेऑफिसच्या ‘शोधा आणि बदला’ खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षरांची रचना शोधण्याचा, पर्याय चालू करून वेलांटी, हलन्त आणि पुढचे अक्षर अशी रचना शोधली आणि तिच्या जागी हलन्त, तेच अक्षर आणि मग वेलांटी असा क्रम घातला. एकदा चालवून थांबू नये. ‘स्त्रिया’सारख्या तीन व्यंजनांच्या जोडाक्षरात वेलांटी एका फेरीत एकच पायरी पुढे सरकते आणि शब्द मध्येच अडकून राहतो. एकही जागा सापडत नाही असे खिडकीने सांगेपर्यंत तीच आज्ञा पुन्हा द्यावी.

रफार मात्र चिवट आहे. शब्दाच्या शेवटी हलन्त र आला, जसा ‘वषर्’ किंवा ‘कायर्’ मध्ये, तर तो शोधून मागे नेता येतो, कारण मराठी शब्द असा संपत नाही. पण ‘वषर्भर’ यात र् पुढच्या भ वर जाऊन बसतो आणि यंत्राला त्यात काही गैर दिसत नाही. अशा नोंदी डोळ्यांनीच काढाव्या लागल्या. लिपिक काका मूळ छापील नोंदवही घेऊन बसले, ग्रंथपाल मॅडम पडद्यावर वाचत गेल्या.

तिसरा दोष उशिरा लक्षात आला. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक प्रोग्रामने काही ठिकाणी पुसून टाकला होता आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांतले आचारी ‘आचार्यांसाठी’ होऊन बसले होते. शिवाय जेथे तो राखला होता तेथे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी रचना केली होती, तर अलीकडे थेट युनिकोडमध्ये टंकलेल्या नोंदींत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ होता. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, परंतु शोधात एक टंकला की दुसरा सापडत नाही. सर्व ठिकाणी नुक्त्याचा ऱ करून घेतला.

हे सारे विंडोजवरच उरकले, कारण जुना फाँट तेथे बसवलेला होता आणि मूळ व रूपांतरित तक्ते शेजारी ठेवून ताडता येत होते. हे काम करणाऱ्यांनी यंत्राला हात लावण्याआधी मजकूर सोडवावा, एवढे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. जुनी यंत्रे पुसून झाल्यावर हेच काम केले असते तर काय बरोबर आणि काय चूक हे सांगणारा साक्षीदारच उरला नसता.

३० ऑगस्ट : अभ्यासिकेतील पहिले यंत्र

गणेश स्थापनेनंतरच्या शनिवारी अभ्यासिका बंद ठेवली. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. ती उतरवल्यावर तिची चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारी खूण, जुळते का हे पाहूनच पेनड्राइव्हवर घेतली, कारण आमची जोडणी मध्येच तुटते आणि अर्धवट फाइल बाहेरून शाबूत दिसते. प्रत्यक्ष बसवण्यास अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. आवाज, नेटवर्क आणि पडदा लगेच चालू झाले, म्हणून येथे लिहिण्यासारखे काही नाही. उरलेली दोन यंत्रेही तशीच झाली.

विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हवरील शॉर्टकट व्हायरस हा अभ्यासिकेचा जुना रोग होता. हा व्हायरस खऱ्या फाइली एका अदृश्य, नाव नसलेल्या फोल्डरमध्ये लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट वर ठेवतो. मिंटवर ते शॉर्टकट निर्जीव पडून राहतात आणि बिननावाचा फोल्डर उघडा दिसतो. एका मुलाला आपल्या गेलेल्या नोट्स त्यात सापडल्या, तेव्हापासून नव्या यंत्रांविषयीची कुरकुर बरीच कमी झाली.

६ सप्टेंबर : कळफलक

लिपिक काकांचे मराठी टंकलेखन जुन्या यंत्रावरचे, चाळीस शब्दांची परीक्षा दिलेले. बोटांना रेमिंग्टनची मांडणी पाठ. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक थेट मिळतो, म्हणून आधी तोच दिला. दुपारपर्यंत त्यांचा धीर सुटला. “सर, वेलांटी आधी द्यायची का मागून, तेवढं एकदा सांगून टाका,” ते म्हणाले. त्यांच्या प्रश्नात आधीच्या आठवड्याचा सगळा घोळ आला होता.

इनस्क्रिप्ट शिकण्यास सोपा आहे, हे खरे. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. शिफ्टसह एन दाबल्यास ळ, शिफ्टसह जे दाबल्यास ऱ. ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्टसह जे, मग डी म्हणजे हलन्त, मग य आणि काना. नव्याने शिकणाऱ्याने हाच शिकावा. पण निवृत्तीला आलेल्या माणसाच्या हातातील वेग तत्त्वासाठी मोडणे मला पटले नाही. आयबस आणि एम१७एन ही कळफलकांची जास्तीची पॅकेजे बसवली की हिंदीच्या खाली रेमिंग्टन मिळतो. तो त्यांच्या खात्यात लावला. मराठी यंत्रावरील काही कळांच्या जागा त्यात वेगळ्या आहेत, त्यांची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली. पॅकेजे बसवल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा खात्यात शिरावे लागते, नाहीतर नवी मांडणी यादीत दिसूनही उमटत नाही.

१७ सप्टेंबर : देवघेव विभाग

मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन झाल्यावर वाचनालयाला सुट्टी होती, म्हणून देवघेवीचे यंत्र घेतले. येथे जुनी डिस्क विंडोजसह तशीच ठेवून नव्या एसएसडीवर मिंट बसवले, म्हणजे काही अडलेच तर परतीची वाट राहील. सायंकाळी खात्री करण्यासाठी जुनी डिस्क काढली तर यंत्र सुरूच होईना. इन्स्टॉलरला एसएसडी दाखवूनही त्याने सुरुवातीचा बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, पहिल्या, म्हणजे जुन्या डिस्कवर टाकला होता. त्यामुळे दोन डिस्क असताना बसवायचे झाल्यास जुनीची वायर आधी काढावी आणि काम झाल्यावर लावावी. आम्ही तसे करून पुन्हा बसवले आणि सुरू होताना कोणती डिस्क घ्यायची ते एफ१२ च्या यादीतून निवडण्याची सोय ठेवली.

जुन्या डिस्कवरील फाइली मिंटमधून वाचता येत होत्या, पण बदल जतन होत नव्हते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ मुळे यंत्र बंद करूनही ती डिस्क अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि लिनक्स तिच्यावर लिहिण्याचे टाळते, ते योग्यच आहे. पॉवरच्या पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर अडचण संपली.

२० सप्टेंबर : साडेपाच तास

देवघेवीच्या तक्त्यात संध्याकाळी दिलेल्या आणि परत आलेल्या पुस्तकांवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडलेली आढळली. सकाळच्या नोंदी मात्र बरोबर होत्या. विंडोज यंत्राच्या अंतर्गत घड्याळात भारतीय वेळ ठेवते, तर लिनक्स त्याच घड्याळात जागतिक वेळ आहे असे धरून वर साडेपाच तास मिळवते. दुपारी कोणीतरी विंडोज उघडून पुन्हा मिंट सुरू केले होते आणि इंटरनेट बंद असल्याने घड्याळ आपोआप सुधारले नव्हते. साडेसहानंतर साडेपाच मिळवले की मध्यरात्र उलटते, आणि आमचे बहुतेक वाचक कामावरून सुटून साडेसहानंतरच येतात. उलट बाजूने विंडोज उघडले तर तेथे घड्याळ तेवढेच मागे दिसते. दोन्ही प्रणाली ठेवायच्या असल्यास लिनक्सला अंतर्गत घड्याळ स्थानिक वेळेवर असल्याचे एका आज्ञेने सांगता येते. आम्ही ते केले. तारीख चुकल्याने कोणावर दंड बसू नये म्हणून त्या संध्याकाळच्या नोंदी छापील चिठ्ठ्यांवरून दुरुस्त केल्या.

२९ सप्टेंबर : पाऊस आणि वीज

या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतीची धूळधाण झाली, त्यापुढे वाचनालयाच्या विजेचे काय सांगावे. वीज दीर्घकाळ गेल्यानंतर अभ्यासिकेतील दोन यंत्रांवर कोणतेच संकेतस्थळ उघडेना, सगळीकडे ‘सुरक्षित नाही’ असा इशारा. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपल्याने तारीख काही वर्षे मागे गेली होती आणि त्या तारखेला आजची सुरक्षा प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नव्हती. चाळीस रुपयांची बॅटरी बदलली. यंत्र जुने असेल तर एसएसडी बसवताना झाकण उघडलेलेच असते, तेव्हाच ही बॅटरीही बदलून टाकावी. दोन यूपीएसच्या बॅटऱ्याही याच वेळी घेतल्या.

७ ऑक्टोबर : प्रिंटर

देवघेव विभागातील लेझर प्रिंटर स्वस्त वर्गातला आहे. अशा प्रिंटरमध्ये पान रचण्याचे काम प्रिंटर स्वतः करत नाही, ते संगणकातील ड्रायव्हरकडून करून घेतो, म्हणून योग्य ड्रायव्हरशिवाय तो ठोकळा असतो. निर्मात्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला, परंतु तो जुना असून ३२ बिट लायब्रऱ्या मागत होता. त्या दिल्यावर पान निघाले. प्रत्येक वेळी वीज गेली की मात्र छपाईची रांग गोठायची आणि प्रिंटर व संगणक ठरावीक क्रमाने बंद-चालू केल्याशिवाय सुटायची नाही. हा क्रम शिपायाला शिकवून पाहिला, पण काउंटरवर वाचक उभे असताना ते जमण्यासारखे नव्हते. शेवटी पीसीएल ही छपाईची भाषा समजणारा जुना नेटवर्क प्रिंटर लातूरहून ४,५०० रुपयांना आणला. मिंटने तो जोडताक्षणी ओळखला. पहिला प्रिंटर कार्यालयातील विंडोज यंत्राला लावला, तेथे तो सुखाने चालतो.

हिशेबाचा प्रोग्रामही तेथेच राहिला आहे. तो वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून, मिंटवर चालवून पाहिला. उघडला, पण पावतीवरील मराठी मात्रा अक्षरांवरून सरकत होत्या. लेखापरीक्षणाच्या कागदांवर असले धाडस नको, म्हणून कार्यालयाचे यंत्र विंडोज ११ वर नेऊन ठेवले. चार यंत्रे लिनक्सवर आणि एक विंडोजवर, ही मांडणी मला तडजोड वाटत नाही.

१५ ऑक्टोबर : विद्यार्थी आणि खर्च

काल विंडोज १० ची मुदत संपली आणि आज वाचन प्रेरणा दिन असल्याने अभ्यासिका भरलेली होती. विद्यार्थ्यांची एकच अडचण वारंवार येते : भरतीच्या अर्जासाठी फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आत बसवणे. ती कामे ते पूर्वी पेंटमध्ये करत. आता गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये लांबी-रुंदी कमी करून जेपीजी म्हणून बाहेर काढताना पूर्वदृश्याची खूण केली की गुणवत्तेची पट्टी सरकवतानाच फाइलचा आकार खाली दिसतो. हे तीन ओळींत लिहून प्रत्येक टेबलावर लावले आहे.

खर्च असा झाला. चार एसएसडी ७,००० रुपये, चार जुन्या रॅमच्या पट्ट्या २,४००, मदरबोर्डच्या बॅटऱ्या १६०, यूपीएसच्या दोन बॅटऱ्या १,९००, बाहेरची हार्ड डिस्क ४,६००, पेनड्राइव्ह ३८०, प्रिंटर ४,५००; एकूण २०,९४० रुपये. नोंदवही तपासण्यात गेलेले लिपिक काका आणि ग्रंथपाल मॅडम यांचे तास यात धरलेले नाहीत, आणि ते धरले तर हाच सर्वांत मोठा खर्च ठरेल.

२ नोव्हेंबर : उरलेले काम

दिवाळीच्या सुट्टीत चारही यंत्रे अपडेट मॅनेजरमधूनच २२.२ वर नेली, कोठे अडले नाही. टाइमशिफ्ट हा प्रती घेणारा प्रोग्राम चालू आहे, पण तो फक्त प्रणालीच्या फाइलींच्या प्रती ठेवतो, आपला तक्ता त्यात येत नाही. त्यामुळे दाखल नोंदवही आणि देवघेवीचा तक्ता दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर वेगळा उतरवला जातो आणि त्याची सही कार्यालयातील वहीत होते. ‘वषर्भर’ वर्गातील नोंदी अजून निघतात. ज्याला दिसेल त्याने दाखल क्रमांक काउंटरवरील वहीत लिहावा, असे ठरले आहे. देवघेवीच्या यंत्रातील जुनी डिस्क मार्चअखेरच्या वार्षिक तपासणीनंतर काढली जाईल.